एकेका शाळेत एकेकटं मूल

त्याचं अक्षर वर्गात सगळ्यात सुंदर होतं. मी तेव्हा सहावीला सामाजिक विज्ञान शिकवायचे, इंदूरची हिंदी मीडियमची सरकारी शाळा, वर्गात 52 मुलं, आणि हा कर्णबधिर मुलगा पहिल्या बाकावर डावीकडे, कानामागे ऐकू यायचं मशीन लावलेलं, मी फळ्यावर जे लिहीन ते मात्रा-वेलांटीसकट जसंच्या तसं वहीत उतरवायचा, एक शब्द सुटायचा नाही. इन्स्पेक्शनला कोणी आलं की मी त्याचीच वही पुढे करायचे. एकदा दिवाळीच्या सुट्टीआधी सहज त्याच्या वहीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं, "नदी" लिहिलं होतं, आणि हातानेच विचारलं, हे काय? त्याने माझ्याकडे बघितलं, पेन उचललं आणि खाली परत एकदा "नदी" लिहून दाखवलं. आणखी सुंदर अक्षरात.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. नदी त्याने बघितली होती, ओंकारेश्वरला नर्मदेत आंघोळ केली होती, पण वहीतल्या त्या दोन अक्षरांचा आणि त्या पाण्याचा काही संबंध आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगणार तरी कोणत्या भाषेत. आईला बोलावलं तर ती म्हणाली, "मॅडम, ये समझता सब है, बस बोलता नहीं." मीही दीड वर्षं हेच समजत होते. आठवीपर्यंत तेव्हा कोणाला नापास करायचं नव्हतं, त्यामुळे तो दरवर्षी वर सरकत गेला, आणि रजिस्टरमध्ये तो शिकत होता.

त्याच वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी जे झालं तेही सांगते. इंदूरच्या लोकांना झांक्या, म्हणजे कापड गिरण्यांचे सजवलेले चित्ररथ, काय असतात ते सांगायला नको, गिरण्या बंद पडून इतकी वर्षं झाली तरी रात्रभर झांक्या निघतात, पुढे आखाडे, लाठी फिरवणारे, आणि सगळं शहर रस्त्यावर. वडिलांनी याला खांद्यावर बसवून दाखवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हा पठ्ठ्या बाकावर उभा राहून सगळी मिरवणूक हातांनी करून दाखवत होता, लाठी कशी फिरली, हलत्या पुतळ्याची मान कशी वळत होती, एक पहिलवान पाय घसरून कसा पडता पडता सावरला, गर्दीत कोणाची चप्पल गेली. सगळा वर्ग गोल करून उभा होता आणि सगळ्यांना सगळं कळत होतं. म्हणजे मुलाच्या डोक्यात गोष्ट होती, क्रम होता, सांगायची हौस होती. फक्त एक भाषा नव्हती, आणि ती द्यायचं काम ज्यांचं होतं त्यात मी पण होते.

तेव्हापासून मी याच एका गोष्टीवर येऊन थांबते. कर्णबधिर मुलाला शाळेत घेतलं म्हणजे शिक्षण झालं नाही. त्याला भाषा हवी आणि भाषा एकट्याला येत नाही. ती दुसऱ्याशी बोलून, भांडून, चिडवून, गोष्टी सांगून येते. आपण आत्ता काय करतोय, तर या शाळेत एक कर्णबधिर मूल, दोन किलोमीटरवर त्या शाळेत दुसरं, तिकडे तिसरं, अशी सगळी एकेकटी बसवलीत आणि त्याला समावेशक शिक्षण नाव दिलंय. शहराच्या प्रत्येक भागात एक किंवा दोन सरकारी शाळा ठरवा, त्या भागातली सगळी कर्णबधिर मुलं तिथे एकत्र आणा, दहा-पंधरा-वीस जितकी निघतील तितकी, तिथे साइन लँग्वेज म्हणजे खुणांची भाषा येणारे टीचर द्या, आणि बाकीच्या ऐकणाऱ्या मुलांबरोबर एकाच इमारतीत, एकाच मैदानावर शिकू द्या. मागणी एवढीच आहे.

लोक म्हणतात मशीन लावलंय ना, ओठ बघून समजतात ना. मशीनचं आधी सांगते. चष्मा लावला की स्पष्ट दिसतं तसं कानाच्या मशीनचं नसतं. ते आवाज मोठा करतं, सगळेच आवाज, पंखा पण, बाहेरचा टेम्पो पण, बाकाचा कर्रकर्र पण. टीचर जवळ असली तर फायदा, वर्गाच्या दुसऱ्या टोकाला गेली की संपलं. मूल वाढतं तसा कान वाढतो, मग इअर मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, सैल होतो, मशीन शिट्टी मारतं, मूल लाजून ते काढून खिशात ठेवतं. सेल संपला तर घरी पुढच्या पगारापर्यंत थांबायचं. हे मी कितीदा बघितलंय.

आणि ओठ. आरशासमोर उभं राहून, आवाज न काढता म्हणा, पापा, बाबा, मामा. तिन्हीला ओठ सारखेच हलतात. प, ब, म मधला फरक ओठांवर दिसतच नाही, आणि क, ग, घ तर घशात होतात, ते बाहेरून दिसणार कुठून? म्हणजे ओठ वाचणारा माणूस थोडं बघतो आणि उरलेलं अंदाजाने भरतो. अंदाज बांधायला ती भाषा आधी येत असावी लागते. मोठेपणी ऐकू यायचं कमी झालेल्या आजोबांना ते जमतं कारण मराठी त्यांच्या डोक्यात सत्तर वर्षं मुरलेली आहे. जन्मापासून न ऐकलेल्या मुलाने अंदाज कशाच्या जोरावर बांधायचा? त्यात आपल्या इंदुरी मराठी घरांचं वेगळंच, आई मराठीत "पाणी पी" म्हणते, शाळेत बाई हिंदीत बोलतात, शेजारची मुलं "भिया, चल ना" करतात आणि पुस्तकात अर्ध्या गोष्टी इंग्रजी. ऐकणारं मूल या चार भाषांमध्ये मजेत पोहतं, आपण सगळे तसेच वाढलो, सुदामानगरात काय किंवा रामबागेत काय, कधी कोणी शिकवलं नाही. पण न ऐकणाऱ्या मुलासमोर या चार वेगवेगळ्या बंद खिडक्या असतात. उलट साइन ही एकच भाषा अशी आहे जी घरात, शाळेत, इंदूरला आणि पुण्याला पण त्याच्या डोळ्यांना पूर्ण दिसते.

मला डॉक्टरांशी भांडायचं नाहीये. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत बसवायचं ऐकण्याचं यंत्र, ही मोठी गोष्ट आहे, केंद्राच्या एडिप या दिव्यांगांना उपकरणं देणाऱ्या योजनेतून होतं, आपल्या मध्य प्रदेशात मुख्यमंत्री बाल श्रवण योजना आहे, माझ्या ओळखीतल्या एका घरात मुलीचं वेळेवर झालं आणि ती आज फोनवर बोलते, मराठीत आजीशी. पण तिचं वेळेवर झालं. कळायलाच उशीर झाला तर इम्प्लांटचा फायदाही कमी होत जातो, कारण मेंदूला भाषा शिकायला पहिली काही वर्षंच सगळ्यात सोपी असतात. जगभर जे वेळापत्रक सांगतात ते असं, पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत कामाला सुरुवात. आपल्याकडे 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात जन्मजात बहिरेपण तपासणं आहे, ओएई आणि बेरा अशा टेस्ट आहेत, बाळ झोपलेलं असताना होतात, दुखत नाही काही नाही. आणि घराघरात काय चालतं, तर "अगं याचा मामा पण उशिराच बोलला होता", "मुलगे उशिरा बोलतात", "नवस बोला". दोन वर्षं जातात, मग तीन जातात. मग इंदूरच्या एमवाय या सरकारी हॉस्पिटलला रांग लावायची.

इम्प्लांट झालं तरी रात्री प्रोसेसर, म्हणजे त्याचा बाहेरचा भाग, काढून ठेवतात, पोहताना काढतात, बिघडला तर दुरुस्ती होईपर्यंत मूल परत शांततेत जातं. तेव्हा त्याने काय करायचं? तरी आईबापांना अजूनही सांगितलं जातं की खुणा करू नका, खुणा केल्या तर बोलणार नाही. हे ऐकून किती आयांनी स्वतःचे हात बांधून घेतले असतील. एक भाषा पक्की असलेलं मूल दुसरी लवकर शिकतं हे आपण मराठी लोकांनी तरी समजून घ्यायला हवं, आपली मुलं घरच्या मराठीमुळे शाळेच्या हिंदीत मागे पडली का?

ही खुणांची भीती कुठून आली तेही बघण्यासारखं आहे. 1880 साली इटलीत मिलान शहरात बधिरांच्या शिक्षणावर परिषद भरली, मत देणारे जवळपास सगळे ऐकू येणारे, आणि त्यांनी ठरवलं की शाळेत खुणांची भाषा नको, बोलणंच शिकवायचं. त्यानंतर शंभर वर्षं जगभर मुलांच्या हातावर पट्ट्या बसल्या, बधिर टीचर शाळांमधून कमी झाले. त्याच परिषदेच्या परंपरेतल्या लोकांनी 2010 मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला त्याबद्दल खेद व्यक्त केला. 130 वर्षं. आणि आपल्याकडे अजून काही वर्गांत तीच 1880 ची पट्टी चालू आहे.

याच्या उलट एक गोष्ट निकाराग्वाची. तिथे मानाग्वा शहरात 1977 साली कर्णबधिर मुलांसाठी केंद्र सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत शेकडो मुलं एका ठिकाणी आली. तोपर्यंत ती आपापल्या घरात एकटी होती, प्रत्येकाच्या घरगुती खुणा वेगळ्या. टीचर त्यांना स्पॅनिश ओठवाचन शिकवत होते, ते काही जमत नव्हतं, पण शाळेच्या बसमध्ये आणि मैदानावर मुलं आपसात खुणा करत राहिली, लहान मुलांनी मोठ्यांच्या उचलल्या, त्यात व्याकरण आलं, आणि बघता बघता एक पूर्ण नवीन भाषा तयार झाली, जिच्यावर आज भाषाशास्त्राचे लोक अभ्यास करतात. कोणी शिकवली नाही. मुलं फक्त एकत्र आली. मला ही गोष्ट कळली तेव्हा आधी माझा तो विद्यार्थीच आठवला, बाकावर उभा राहून झांकी दाखवणारा. त्याला समोर 51 प्रेक्षक होते, पण त्याच भाषेत उत्तर देणारं एकही मूल नव्हतं.

आता कायदा काय म्हणतो. दिव्यांगजन अधिकार कायदा 2016, कलम 16, त्यात स्पष्ट लिहिलंय की अंध, बधिर मुलांना त्यांच्यासाठी सगळ्यात योग्य अशा भाषेत आणि माध्यमात शिक्षण मिळालं पाहिजे. भाषेत, हा शब्द आहे तिथे. 2020 च्या शिक्षण धोरणात इंडियन साइन लँग्वेज देशभर प्रमाणित करून तिच्यात अभ्यासक्रमाचं साहित्य बनवायचं म्हटलंय. दिल्लीला 2015 पासून साइन लँग्वेजची राष्ट्रीय संस्था आहे, त्यांच्या डिक्शनरीत 2021 पर्यंत 10,000 शब्द झाले. एनसीईआरटीची पुस्तकं साइनमध्ये यायला लागली, 6 डिसेंबर 2024 ला पीएम ई-विद्याचं 31 नंबरचं चॅनल फक्त साइनसाठी सुरू झालं. हे सगळं चांगलंच आहे, मनापासून सांगते. पण ज्या मुलाला साइनच येत नाही त्याला साइनमधला व्हिडिओ लावून देणं म्हणजे मला जपानी टीव्ही लावून देणं आहे. मी बघत बसेन, चित्रं छान आहेत म्हणेन. भाषा माणसाकडून येते, चॅनल नंतर कामाला येतं.

माणसांचं काय, तर सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये सांगितलं की विशेष गरजांच्या मुलांसाठी प्राथमिकला 10 मुलांमागे आणि पुढे 15 मुलांमागे एक स्पेशल टीचर हवा. आपल्याकडे ब्लॉकला मोबाइल स्रोत सलाहकार असतात, एमआरसी म्हणतो आपण. बिचारे मोटरसायकलवर या शाळेतून त्या शाळेत फिरतात. आज मतिमंद मूल, उद्या अंध, परवा कर्णबधिर, त्यात सर्टिफिकेटचे कॅम्प आणि कागद. माझ्या शाळेत ते महिन्यातून एकदा यायचे. महिन्यातून एक तास मिळून कोणाला मातृभाषा आली आहे? चूक त्या माणसाची नाही, मुलं विखुरलेली आहेत तोपर्यंत देव आला तरी हेच होणार. दहा मुलं दहा शाळांत असली की एक टीचर कोणाचाच राहत नाही, तीच दहा एका शाळेत आली की तोच टीचर रोज दिवसभर त्यांचा. खर्च फारसा वाढत नाही, फक्त मांडणी बदलते.

यावर मला नेहमी दोन गोष्टी ऐकवल्या जातात. एक, मग मूकबधिर विद्यालयातच टाका ना. काही मुलांसाठी ते बरोबर असेल, कायद्याने आईबापांना तो चॉइस दिलाच आहे, आणि इंदूरला अशा संस्थांनी खूप काम केलंय, तुकोगंज पोलीस ठाण्यात मूकबधिरांसाठी वेगळं सहायता केंद्र आहे ते काही आपोआप झालं नाही. (तो "मूक" शब्द मात्र आता सोडायला हवा, या लोकांना आवाज आहे, आणि भाषा तर आहेच.) पण विशेष शाळा मोजक्या, बहुतेकदा वसतिगृहाच्या, आणि सहा वर्षांच्या पोराला घरापासून तोडायला आई तयार होत नाही, त्यात तिची काय चूक. शिवाय शेजारच्या मुलांनी त्याला ओळखावं, त्याच्याबरोबर क्रिकेट खेळावं, हे पण मला हवंय. माझ्या वर्गातल्या पोरांनी दोन महिन्यांत त्याच्या पन्नासेक खुणा उचलल्या होत्या, माझ्याआधी. परीक्षेत गुपचूप उत्तरं सांगायला पण वापरायचे, तेव्हा मी रागावले होते, आता वाटतं त्यांनीच मला शिकवायला हवं होतं.

दुसरं म्हणजे घराजवळची शाळा हा मुलाचा हक्क आहे, लांब कशाला न्यायचं. हक्क आहेच. पण जवळच्या शाळेत जाऊन रोज पाच तास काहीच न समजता बसणं हा कसला हक्क? आणि लांब म्हणजे किती, तर मध्य प्रदेशात सीएम राइज शाळा काढल्या, ज्यांना 2025 पासून सांदीपनि विद्यालय म्हणतात, त्यांची कल्पनाच अशी की आसपासच्या वस्त्यांमधली मुलं बसने एका मोठ्या चांगल्या शाळेत यावीत. बस त्या योजनेतच आहे. मग कर्णबधिर मुलांचा गट त्याच शाळांमध्ये का नको? इमारत आहे, स्मार्ट बोर्ड आहे, त्यावर साइनचे व्हिडिओ लागतील. हवी आहेत ती साइन येणारी माणसं, आणि त्यात पहिला मान कर्णबधिर तरुणांचा असावा असं माझं ठाम मत आहे. त्यांच्यासाठी साइन शिकवण्याचा डिप्लोमा आहे. लहान मुलाला एक मोठा कर्णबधिर माणूस पगारावर, सन्मानाने शिकवताना दिसला पाहिजे, कारण यातल्या पुष्कळ मुलांनी मोठा झालेला कर्णबधिर माणूसच कधी बघितलेला नसतो. सप्टेंबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टात सारा सनी या कर्णबधिर वकिलाने साइन इंटरप्रिटरच्या मदतीने काम केलं, तो व्हिडिओ मी एका आईला दाखवला तर ती तीनदा बघत बसली.

कमी ऐकू येणाऱ्या मुलांचं वेगळं लिहायला पाहिजे, इथे थोडक्यात. कायद्याच्या व्याख्येत "हार्ड ऑफ हिअरिंग" म्हणजे दोन्ही कानांत ऐकण्याची 60 ते 70 डेसिबलची (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) कमी, आणि 70 च्या वर बधिर. आपलं साधं बोलणं साठेक डेसिबलचं असतं, म्हणजे ज्या मुलाची कमी 50-55 आहे त्याला वर्गातलं बोलणं जेमतेम कुजबुजीसारखं पोचतं, पण तो कागदावर कुठेच बसत नाही. अशी मुलं "लक्ष नसतं", "आगाऊ आहे", "दोनदा सांगावं लागतं" म्हणून मार खातात. त्यांच्यासाठी तरी काय लागतं, टीचरने फळ्याकडे तोंड करून बोलू नये, उजेड टीचरच्या चेहऱ्यावर पडावा, पाठीमागे खिडकी नको, आणि एक सूचना बोलून झाली की फळ्यावर लिहावी. याला कोणाचा आदेश लागत नाही, मी स्वतः हे वीस वर्षं उशिरा शिकले.

कर्णबधिर गीताची गोष्ट इंदूरला कोणाला माहीत नाही? लहानपणी हरवून पाकिस्तानात पोचलेली, 26 ऑक्टोबर 2015 ला परत आली आणि मग वर्षानुवर्षं इथे आपल्या शहरात राहून घर शोधत होती. शेवटी घर सापडल्याचं कळलं ते 2021 मध्ये, परभणीकडे, आपल्या मराठी मुलखात. हरवली तेव्हा तिला गावाचं नाव ना बोलून सांगता येत होतं ना लिहून. आम्ही टीव्हीवर रडलो तिच्यासाठी. पण आज आपल्या शाळांच्या पहिल्या बाकांवर जी मुलं बसलीत, त्यातल्या किती जणांना आपल्या गल्लीचं नाव अनोळखी माणसाला सांगता येईल हे जाऊन विचारा.

आणि होणार नाही असं मला इंदूरच्या लोकांनी तरी सांगू नये. 2017 च्या आधी कोणी म्हणालं असतं की या शहरात घराघरात ओला कचरा वेगळा, सुका वेगळा होईल, तर हसलो असतो सगळे. गाडीचं गाणं वाजलं की जेलरोडच्या तिसऱ्या मजल्यावरची आजी पण डबे घेऊन खाली उतरते. एवढ्या मोठ्या शहराला नवीन सवय लागली कारण रोज दारात गाडी आली, माणूस आला, परत परत सांगितलं. (ते गाणं ऐकू न येणाऱ्या घरांत गाडी आल्याचं कसं कळतं, हेही एकदा कोणीतरी बघावं.)

मुलं किती आहेत हे शोधायला वेगळा सर्व्हे पण नकोय. यूडायस या शाळांच्या सरकारी नोंदीत प्रत्येक शाळा दरवर्षी भरते की कोणतं मूल दिव्यांग आहे आणि कोणत्या प्रकारचं. यादी तयार आहे. जिल्ह्याने ती नकाशावर मांडावी एवढंच, 1 एप्रिलला नवीन सत्र सुरू व्हायच्या आत. रिटायर व्हायच्या आधी मी माझ्या संकुलापुरतं, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटापुरतं, हे करून बघितलं, इकडेतिकडे विचारून, वहीच्या मागच्या पानावर हाताने नकाशा काढून. तीन मुलं निघाली, दोन मुली आणि एक मुलगा, नऊ ते अकरा वर्षांची, तीन वेगवेगळ्या सरकारी शाळांत. तिन्ही शाळांमध्ये ऑटोने पंधरा मिनिटांच्या वर अंतर नाही. तिघं एकमेकांना कधी भेटलेली नव्हती.